शिट्टी

माझं काम आवाजाचं. भाड्यानं देतो.
दोन कर्णे, एक अ‍ॅम्प्लिफायर, तीन माइक,
त्यातला एक मंगलाष्टकं ऐकून कायमचा घोगरा झालेला.

सोमवारी कारखाना हवा म्हणणाऱ्यांची सभा, बाजार समितीपुढं.
बुधवारी नको म्हणणाऱ्यांची, गणपती मंदिराच्या मागं.
कर्णे तेच, वायर तीच.
पैसे वेळेवर एकाच बाजूनं दिले,
कुठल्या ते सांगत नाही.

बाहेरच्या देशाची कंपनी. बॅटऱ्या करणार म्हणतात.
त्या देशाचं नाव तासगावात चार तऱ्हेनं घेतलं जातं,
आणि सलूनमधल्या नकाशावर नेमका तिथंच
आरशाचा खिळा ठोकलाय.

शुक्रवारी जनसुनावणी, मंगल कार्यालयात.
भिंतीवर थर्माकोलचं 'शुभविवाह' तसंच राहिलेलं,
त्याखाली प्रांतसाहेब, शेजारी कंपनीचा माणूस,
उंच, लाल कानांचा, पाण्याची बाटली घरची.
तो पाच मिनिटं बोलला.
दुभाषी पोरगी म्हणाली, "काळजीचं कारण नाही."
पोरं हसली.
तोही हसला. त्याला वाटलं, विनोद पोचला.

मग जनाक्का एडके उठली.
बेदाण्याच्या शेडवर निवड करते ती,
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खाली.
माइकच्या जाळीवरही तिची बोटं तशीच फिरली,
जणू आतून एखादा काळा निघेल.
"धुराडं किती उंच?"
"तीस मीटर."
"आणि फाल्गुनात वारं कुठल्या अंगानं सुटतं?"
पोरगीनं तो प्रश्न त्याच्या भाषेत नेला.
परत येताना काहीच आणलं नाही.
प्रांतसाहेबांनी लिहून घेतलं.
काय लिहिलं कोण जाणे, पेन बराच वेळ चालत होतं.

मग शहाजी जमदाडे, फक्त जमिनीच्या दरावर.
मग एक मास्तर, आकडे घेऊन आलेले, चष्मा विसरून आलेले.
मग यासीन.
माझा पोरगा. मला न सांगता चिठ्ठीवर नाव दिलेलं.
आयटीआय, फिटर. चाकणला एका खोलीत
सातजणांत पाळीनं झोपून दोन वर्षांनी परत आलेला.
"मला," तो म्हणाला, "इथंच..."

आणि शिट्टी झाली.

माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो:
कर्ण्यातून निघालेला आवाज माइकनं पुन्हा ऐकला
की तो स्वतःच्याच मागं धावत वर वर चढतो,
अन् अख्ख्या हॉलला कान झाकावे लागतात.
त्यात कुणाचा दोष नसतो.
असलाच तर बटणावर बसलेल्याचा.

माझा बाप सूतगिरणीच्या भोंग्यावर उठायचा.
गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली,
तरी साडेसहाला अंथरुणात उठून बसायचा.
"वाजला का गं?" आईला विचारायचा,
आणि मग खोकायचा.
तो खोकला कापसाचा होता, डॉक्टर म्हणाले.
त्याच गिरणीनं मला शाळेचे बूट दिले.
दोन्ही खरं आहे. सभेत मात्र
एका वेळी एकच बोलता येतं,
माइक एकच चालू ठेवतो मी.

शिट्टी थांबली तेव्हा यासीनचं बोलून झालं होतं.
अर्ध्या हॉलनं टाळ्या वाजवल्या, अर्ध्यानं हात घडी घातले.
तो काय म्हणाला
हे दोन्हीकडं नीट कुणीच ऐकलं नव्हतं.

रात्री वायर गुंडाळायला तोच आला,
दुसरं टोक धरून उभा राहिला, ताण देत.
"अब्बा, मुद्दाम केलंत?"

कोपर ते तळहात, कोपर ते तळहात,
मी वेटोळी घेत राहिलो.
शंभर फुटांची वायर.
ती पुरी व्हायला वेळ लागतो.